'ऐच्छिक' की 'पर्यायी'? कर्नलमधली सुविधा मागताना

प्रश्न: लिनक्स वितरणाच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) एखादे ऑप्शनल फीचर हवे असेल, तर मागणीत 'पर्यायी सुविधा' लिहावे की 'ऐच्छिक'? 'वैकल्पिक'ही वाचनात येते.

▪ 'ऐच्छिक'च. पर्यायी म्हणजे एकाच्या जागी दुसरे, जसा पर्यायी रस्ता. केकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचे ते ठरवणाऱ्या व्यवस्थेत, दोन्ही प्रकार आहेत. टायमरची वारंवारिता १००, २५०, ३०० किंवा १००० हर्ट्‌झ. एक निवडली की बाकीच्या गळतात. या 'पर्यायी'. पेनड्राइव्ह-कार्डांवर वापरली जाणारी एक्सफॅट फाइलसिस्टीम मात्र घेतली काय, न घेतली काय, दुसरे काही हलत नाही, ती 'ऐच्छिक'. 'पर्यायी एक्सफॅट हवे' लिहिलेत तर कर्नल सांभाळणारा विचारेल, कशाऐवजी?

▪ 'वैकल्पिक' दोन्ही अर्थांनी चालतो, म्हणूनच इथे नको.

▪ शब्द कोणताही घ्या, खरा घोळ 'चालू करा' आणि 'बंद आहे' या दोन शब्दांत होतो. 'चालू'चे दोन अर्थ: 'वाय' म्हणजे कर्नलच्या प्रतिमेतच अंगभूत, 'एम' म्हणजे गरज पडेल तेव्हा चढणारे मॉड्यूल. अंगभूत कोड प्रत्येकाच्या मेमरीत बसतो, त्यामुळे ड्रायव्हर असेल तर 'मॉड्यूल म्हणून द्या' असे स्पष्ट लिहा. मागणी मान्य होणे सोपे जाते. पण मेन्यूकॉन्फिगमध्ये (केकॉन्फिगच्या निवडी दाखवणाऱ्या मेन्यूत) नावाआधी चौकोनी कंस असेल तर तिथे 'एम' नसतोच, फक्त हो किंवा नाही. तिन्ही अवस्था कोनी कंसात मिळतात.

'बंद'चेही तसेच. 'एन' असेल तर कोड संकलितच झालेला नाही; त्याला 'वगळलेली' म्हणा. पीएसआयसारखी (सीपीयू, मेमरी, डिस्कवरचा ताण मोजणारी) सुविधा संकलित असूनही सुरुवातीला निष्क्रिय ठेवता येते आणि बूट ओळीत (कर्नल सुरू करताना दिलेल्या पॅरामीटरांत) 'पीएसआय=१' दिल्यावर जागी होते. ती खरी 'बंद'. वगळलेली सुविधा कोणत्याही बूट पॅरामीटरने येत नाही. म्हणून आधी बूट डिरेक्टरीतली कॉन्फिग फाइल उघडून पाहा. अनेकदा सुविधा मॉड्यूल म्हणून आधीच असते, आणि मागणीच निरर्थक ठरते.

▪ 'अवलंबून'बद्दलही लिहायला हवे. केकॉन्फिगमध्ये ऑप्शनला 'डिपेंड्स ऑन' असेल तर आधीची अट पुरी झाल्याशिवाय ऑप्शन दिसतच नाही. 'सिलेक्ट' उलट चालतो: समोरच्याला ओढून आणतो, आणि त्याच्या स्वतःच्या अटी तपासत नाही. दोन्हींना 'अवलंबून' म्हटले की वाचणारा चुकीच्या जागी शोधतो. 'सिलेक्ट'साठी 'ओढून घेतो' हे मला नेमके वाटते. मेन्यूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबून नाव शोधा, दोन्ही याद्या दिसतात. मागणीत कॉन्फिगचे पूर्ण नाव, कर्नलची आवृत्ती, आर्किटेक्चर, 'वाय' की 'एम', आणि कशासाठी हवे ते एका वाक्यात द्या.

▪ एक भर: मूळ फाइलसिस्टीम ज्या डिस्कवर आहे तिचा ड्रायव्हर 'एम' मागत असाल, तर तो इनिट्रॅमएफएसमध्ये (मूळ फाइलसिस्टीम जोडण्याआधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइलसिस्टीममध्ये) घालण्याचीही मागणी करा. नाहीतर मूळ फाइलसिस्टीम जोडता न आल्याने बूट अर्ध्यावरच थांबते.