पांढऱ्या कुर्त्यावरचे गंजाचे डाग जात नाहीत, मदत हवी

केळीवाला_यावल: पांढऱ्या कुर्त्यावर गंजाचे डाग आहेत. साबण, पावडर, ब्रश सगळं मारून झालं. परवा सावद्याला लग्न आहे. ब्लीच टाकून मोकळा होऊ का? लवकर सांगा.

तापीकाठ: थांब भो! क्लोरीनच्या ब्लीचने गंज निघत नाही, उलट पक्का होतो. कापड कोणतं? इस्त्री फिरवली का? डाग कशामुळे पडला?

केळीवाला_यावल: गंजामुळे. सांगितलं ना.

भरीत_पार्टी: डागावर मीठ पसर, वरून लिंबू पिळ, उन्हात ठेव. सुकू देऊ नको, रस टाकत राहा. आपल्याकडच्या उन्हात तासा-दीड तासात फरक दिसतो.

तापीकाठ: हलक्या डागाला ठीक. जुन्याला लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) बरं, किराणा दुकानात मिळतं. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, प्लास्टिकच्या टबात अर्धा तास. लोखंडी बादली नको.

पुट्टी_पॉलिश: लिंबात वेळ कशाला घालवता? ऑक्झॅलिक ॲसिड आणा. अर्ध्या लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा, दहा मिनिटांत लोखंड सुटतं.

भरीत_पार्टी: आणि ते विषारी असतं हे कोण सांगणार?

पुट्टी_पॉलिश: हातमोजे घाला, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, लहान मुलांपासून लांब ठेवा. झालं.

भरीत_पार्टी: एका कुर्त्यासाठी एवढा खटाटोप?

धुळेकर७: संडास साफ करायचं ॲसिड दोन थेंब टाका.

तापीकाठ: बिलकुल नको! त्याने सुती धागा कुजतो, दोन धुण्यांत तिथेच भोक पडतं. ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी वायू निघतो तो वेगळाच.

गज_ग्रील: खिडकीच्या गजांना आधी पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साइडचा हात, त्यावर ऑइल पेंट. गंज लवकर परत येत नाही.

भरीत_पार्टी: भाऊ, कुर्त्याला ऑइल पेंट?

केळीवाला_यावल: सुती आहे. इस्त्री नाही केली. गच्चीवर दोरीच्या जागी तार लावेल आहे. पाठीवर आडवी रेघ आहे, बाहीवर ठिपके.

तापीकाठ: हे आधी सांगायचं ना. रेघ तारेची. ठिपक्यांचा रंग काय?

केळीवाला_यावल: तपकिरी, मधे काळपट.

तापीकाठ: घड उचलताना हाच कुर्ता होता का? मग तो केळीचा चीक असेल. एका ठिपक्यावर लिंबूफुलाचं पाणी सोडून बघ. गंज असेल तर फिका पडेल, चीक बहुतेक तसाच राहील.

केळीवाला_यावल: लिंबूफूल केलं. रेघ गेली. ठिपके जागेवरच.

तापीकाठ: म्हणजे चीकच. आता कुर्ता साध्या पाण्यात तीन-चारदा खळाळून काढ. सोडा किंवा साबण लगेच लावू नको, सुटलेलं लोखंड परत कापडावर बसतं. पूर्ण निघालं की मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड फक्त ठिपक्यांवर लाव, वीस मिनिटांनी धू. लोखंड राहिलं असेल तर पेरॉक्साइड तिथलं सूत कमजोर करतं, म्हणून आधी खळाळणं. जुना चीक पूर्ण जाईलच असं नाही, फिका होईल.

पुट्टी_पॉलिश: आणि आंबट पाणी राहिलेल्या कापडावर इस्त्री नको, तिथेच करपतं.

भरीत_पार्टी: वरून जाकीट घाल, बाही दुमड. सावद्याला कोणाकडचं लग्न?

धुळेकर७: पान खाल्ल्याचा डाग असेल तर?

तापीकाठ: नवीन धागा काढा.