कोकणातील महाविद्यालयांत संशोधन-निधीसाठी स्वतंत्र कक्ष हवा का?

धागाकर्ती (प्राध्यापिका, रत्नागिरी जिल्हा)

काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका दुपारी आमच्या विभागातून एम.एस्सी. होऊन गेलेली एक मुलगी मला भेटायला आली. ती आपल्या विषयात विद्यापीठात पहिली आली होती. पीएच.डी. करण्याची तिची फार इच्छा होती. परंतु घरून पैसे मागणे शक्य नव्हते, म्हणून ती गणपतीपुळ्याजवळच्या एका लॉजमध्ये हिशेब लिहीत होती. पदव्युत्तर परीक्षेत विद्यापीठात पहिला क्रमांक मिळवणाऱ्याला केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर फेलोशिपसाठी अर्ज करता येतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही दोघींनी तिथेच संगणकावर पाहिले, तेव्हा त्या वर्षीची मुदत संपून नऊ दिवस झाले होते. ती काही बोलली नाही. जाताना दाराशी ठेवलेली ओली छत्री मात्र ती विसरून गेली.

ही चूक तिची नव्हती. ती आमच्या विभागाची होती आणि माझीही होती.

योजना पुष्कळ आहेत, पण त्या एका ठिकाणी नाहीत आणि प्रत्येकीचे वेळापत्रक निराळे आहे. नेट, म्हणजे अध्यापन आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रासाठी होते. तीत जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या सुधारित दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. गेट ही अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक.ला गेलेल्याला दरमहा १२,४०० रुपये मिळतात. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर ही केंद्राची संशोधन परिषद आहे. शेती आणि मत्स्यशास्त्राच्या मुलांना आयसीएआर या कृषी संशोधन परिषदेकडे पाहावे लागते. राज्याच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी जातीचा दाखला आणि इतर कागद आधीपासून हाताशी असावे लागतात. परदेशी जाणाऱ्यांसाठीच्या योजनांत तर नावावरूनच गैरसमज होतात. १८९२ साली सुरू झालेली जे. एन. टाटा एंडोमेंट ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे, म्हणजे ती रक्कम फेडावी लागते, हे आमच्याकडच्या अनेक पालकांना ठाऊक नसते. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे नुकत्याच पदवीधर झालेल्याने तिच्या मागे वर्ष घालवू नये. याउलट भारतात पीएच.डी.साठी नोंदणी झालेल्या विद्यार्थ्याला फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपवर काही महिने अमेरिकेत काम करून येता येते, आणि ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात क्वचितच कोणी सांगतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, पदव्युत्तर वर्ग असलेल्या प्रत्येक महाविद्यालयात एक छोटा निधी-मार्गदर्शन कक्ष असावा. विद्यार्थी एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात असतानाच त्याच्या पात्रतेच्या योजना कक्षाने त्याच्यासमोर मांडाव्यात, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर आणि जात वैधता यांची कामे तेव्हाच सुरू करून द्यावीत, आणि त्याचा संशोधन-प्रस्ताव कोणीतरी नीट वाचावा. यावर इतरांचे मत जाणून घ्यायला आवडेल.

संशोधक विद्यार्थी, सिंधुदुर्ग

मॅडम, आपली तळमळ मनापासून मान्य आहे, परंतु रोगाचे निदान मला पटत नाही. माहिती आज प्रत्येकाच्या फोनमध्ये येऊन पडते. माझ्या एका व्हॉट्सअॅप गटावर दर आठवड्याला एखादी तरी फेलोशिपची जाहिरात येते. विद्यार्थी अडतो तो फेलोशिप मिळाल्यानंतर, आणि त्या टप्प्यावर त्याच्या बाजूने कोणीही उभे नसते.

जेआरएफची रक्कम आपोआप येते असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात विद्यार्थी हजर आहे आणि त्याचे काम चालू आहे, याची दरमहा पुष्टी संस्थेला कॅनरा बँकेच्या पोर्टलवर करावी लागते. एक कर्मचारी मेकर म्हणून नोंद करतो आणि दुसरा चेकर म्हणून ती मंजूर करतो. दोघांपैकी एक रजेवर गेला, एकाची बदली झाली किंवा पासवर्ड हरवला, तर त्या महिन्याचे पैसे अडकतात. माझे एकदा सलग सात महिने अडकले. कोणत्या संस्थेत, ते सांगत नाही. त्या काळात आईने गावच्या पतपेढीतून कर्ज काढले आणि मी खोलीचे भाडे भरले. आंब्याचे पैसे हातात आल्यावर ते कर्ज फिटले. राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी तर संशोधक विद्यार्थ्यांना पुण्यात आणि मुंबईत आंदोलनाला बसावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कोकणातल्या मुलाला त्यासाठी रात्रीची एस.टी. पकडून जावे लागते आणि परत येईपर्यंत त्याच्या प्रयोगाचे दोन दिवस गेलेले असतात.

दुसरे असे की, नेटचा पहिला पेपर हिंदी किंवा इंग्रजीतूनच सोडवावा लागतो. पदवीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला तो पेपर विषयाच्या पेपरपेक्षा जड जातो. याला मुदतींची यादी हे उत्तर नाही. कक्षासाठी पैसा आणि माणूस मिळणारच असेल, तर तो तयारीच्या वर्गासाठी आणि रखडलेल्या रकमांच्या पाठपुराव्यासाठी वापरावा.

निवृत्त प्राध्यापक, दापोली

माझा विरोध याहून मुळाशी जाणारा आहे. निधीपासून सुरुवात केली की विद्यार्थ्याचा प्रश्न निधीच्या साच्यात बसवला जातो. माझ्या एका विद्यार्थ्याला खारभूमीच्या बंधाऱ्यांवर काम करायचे होते. बंधारा फुटल्यावर भाताच्या खाचरांत खारे पाणी शिरते, ती जमीन पुन्हा पिकाखाली यायला किती काळ लागतो आणि तोवर घर कशावर चालते, हे त्याला शोधायचे होते. प्रश्न अस्सल होता, त्याच्या घरचाच होता. कोणीतरी त्याला सांगितले की अमुक योजनेत अमुक विषयाला प्राधान्य आहे, आणि त्याने विषय बदलला. फेलोशिप मिळाली, प्रबंधही झाला. त्या बंधाऱ्यांवर मात्र अजून कोणी लिहिलेले नाही.

आधी प्रश्न पक्का व्हावा, मग त्याला साजेसा निधी शोधावा. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, वनस्पतींच्या संवर्धनाचे काम असेल तर रफर्ड फाउंडेशनचे छोटे अनुदान आहे. ते व्यक्तीला मिळते. कोकणातील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आल्यापासून त्या विषयाकडेही लक्ष वळले आहे. परंतु यातले काय कोणाला योग्य, हे कक्ष ठरवू शकत नाही, शिक्षक ठरवू शकतो. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या बाबासाहेबांच्या शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला तो केळूसकर गुरुजींनी, आणि तेही वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचेच. पुढे १९१३ साली बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यामागे विद्यार्थ्याला ओळखणारा एक माणूस होता.

मुंबईकर, मूळ गाव गुहागर तालुका

मी संशोधक नाही; मुलगी एम.ए. करते, म्हणून हे सर्व वाचत आहे. फेलोशिप मिळण्याआधीच्या खर्चाविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. परीक्षेचे शुल्क, केंद्रावर जाण्या-येण्याचा खर्च, परदेशी जायचे असेल तर इंग्रजीच्या परीक्षेची फी, गुणपत्रिकांच्या प्रती, मुलाखतीसाठी दिल्लीची फेरी, हे सगळे आधी खिशातून जाते, आणि ज्याच्याकडे ते नाही तो अर्जच करत नाही. आमच्या गावांची मुंबईतली मंडळे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी गोळा करतात, आणि ती करावीही. परंतु त्याच पावती पुस्तकात अर्ज-साहाय्याचा एक रकाना का नसावा? महर्षी कर्व्यांनी मुरूडच्या लोकांकडून गावासाठी वर्गणी जमवून मुरूड फंड उभा केला होता. आपल्याला ही रीत नवी नाही.

धागाकर्ती

तिन्ही प्रतिसाद दोनदा वाचले. मेकर-चेकरचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करते. कक्षाच्या कामांत तो माझ्या मनातही आला नव्हता, आणि तो आता पहिला असायला हवा असे मला वाटते. दरमहा ठरलेल्या तारखेला कोणीतरी कार्यालयात जाऊन पुष्टी झाली की नाही हे पाहिले, तर सात महिन्यांची वेळ येणार नाही. जिथे संशोधन केंद्र आहे तिथे हे काम प्राचार्यांनी एखाद्या व्यक्तीकडे लेखी सोपवावे.

माहिती फोनमध्ये असते, हे मात्र पटत नाही. गटावर येणारी जाहिरात सर्वांसाठी असते. ती आपल्यासाठी आहे की नाही, हे कळायला पात्रतेची अट वाचता यावी लागते. वयाचेच पाहा. जेआरएफसाठी मर्यादा ३० वर्षांची आहे आणि स्त्रियांना तीत पाच वर्षांची सवलत आहे. लग्नानंतर शिक्षण थांबलेल्या ३२ वर्षांच्या एका विद्यार्थिनीने वय उलटले असे समजून तीन सत्रे अर्जच केला नाही. तिच्याही फोनमध्ये जाहिरात होती.

सर, खारभूमीच्या प्रश्नाविषयी आपण लिहिलेले वाचून वाईट वाटले, आणि आधी प्रश्न पक्का व्हावा हेही खरे आहे. परंतु केळूसकर गुरुजी प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत. ज्या महाविद्यालयात चार जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरचा शिक्षक तीन गावांत शिकवतो, तिथल्या मुलाने गुरुजींची वाट किती वर्षे पाहायची? चांगला शिक्षक जे मनाने करतो, त्यातला निदान अर्धा भाग तरी व्यवस्थेने नेमाने करावा, एवढीच माझी मागणी आहे.

निवृत्त प्राध्यापक, दापोली

रिकाम्या जागांविषयी आपण लिहिले ते नाकारता येत नाही. तरीही माझी एक अट राहील. कक्षात येणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी योजनांची यादी देऊ नये. त्याने आपला प्रश्न एका पानावर मराठीत लिहून आणावा, तो कोणीतरी त्याच्यासमोर बसून वाचावा आणि त्यानंतरच यादी उघडावी. हे मान्य असेल तर वाचण्याचे काम मी करीन. दर शनिवारी सकाळी मी मोकळा असतो.

संशोधक विद्यार्थी, सिंधुदुर्ग

सरांची अट मला मान्य आहे. कक्षाच्या नावाने एक नवा फलक लागेल आणि काम पुन्हा त्याच तासिका तत्त्वावरच्या शिक्षकावर विनामोबदला पडेल, ही माझी शंका अजून गेलेली नाही. मोबदल्याचे उत्तर मिळेपर्यंत मी ‘कक्ष हवाच’ असे म्हणणार नाही. पाठपुराव्यासाठी मी कार्यालयाला लिहिलेल्या पत्रांचे मसुदे माझ्याकडे आहेत. ते मॅडमना आज पाठवतो.

धागाकर्ती

मसुदे मिळाले. छत्री विसरून गेलेल्या त्या मुलीलाही निरोप दिला आहे. ती या शनिवारी दापोलीला एक पान घेऊन येईल.