बर्फात रुतलेल्या गाड्या काढायला मदत करताना नेमकं काय करावं?

रानवाट
मंडळी, बर्फ पडला की रस्त्याकडेला गाड्या रुतलेल्या दिसतातच आणि मला तसंच पुढे निघून जाणं जमत नाही. गाडी फोर बाय फोर आहे, मागे फावडं असतं, त्यामुळे थांबतो, बर्फ उपसतो, धक्का देतो, जमलं तर ओढतोही. पण परवा एकजण पुढच्या चाकाजवळच्या दांड्याला दोर बांधायला निघाला आणि मला म्हणाला द्या हिसका. मी नको म्हटलं तर नाराज झाला, शेवटी दोघांनी मिळून उपसून काढली गाडी. तेव्हापासून डोक्यात आहे की हे सगळं नीट विचारून घ्यावं. आधी काय करायचं, दोर कुठे बांधायचा, सोबत काय ठेवायचं, आणि कधी सरळ नाही म्हणायचं? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा प्लीज.

पाना_पक्कड
नको म्हणालात ते एकदम बरोबर केलंत. तो दांडा सस्पेन्शनचा नाहीतर स्टिअरिंगचा असणार, ओढून वाकला की गाडी बर्फातून निघेल पण रस्त्यावर सरळ चालणार नाही.

माझं मत विचाराल तर दोर सगळ्यात शेवटी. दहातल्या बहुतेक गाड्या फावड्यानेच निघतात, फक्त लोकांना धीर नसतो. ड्रायव्हर घाबरून रेस वाढवत बसतो, चाक जागेवर गरगरतं, खालचा बर्फ घर्षणाने वितळतो आणि लगेच गोठून काचेसारखा गुळगुळीत होतो, म्हणजे जितकी रेस तितका खड्डा खोल. म्हणून गेल्या गेल्या पहिलं काम, त्याला पाय उचलायला सांगा. मग खाली वाकून बघा गाडी पोटावर बसलीय का. चासीखाली बर्फ दाबून बसला असेल तर चाकांवर वजनच येत नाही, मग चाकापुढचं कितीही साफ करा, काही उपयोग नाही, पोटाखालचा बर्फ आधी काढावा लागतो. त्यानंतर चारही चाकांच्या पुढेमागे वाट करा, टायरच्या खाचांत भरलेला बर्फ खरवडून काढा, स्टिअरिंग सरळ. शक्यतो आलेल्या चाकोरीतूनच मागे घ्यायची, तिथला बर्फ आधीच दबलेला असतो.

ट्रॅक्शन कंट्रोल अशा वेळी बंद करून बघा, कारण चाक जरा घसरलं की तो इंजिनची ताकदच कापतो आणि गाडी हलतच नाही. मॅन्युअल असेल तर दुसरा गिअर, अगदी हळू क्लच. पुढे-मागे झुलवायचं असेल तर थोडाच वेळ, ऑटोमॅटिकमध्ये तर फारच जपून, गिअरबॉक्स तापतो. आणि डी मधून आर मध्ये टाकताना चाक पूर्ण थांबलेलं पाहिजे.

वाळूची एक छोटी पिशवी ठेवा, इंजिनची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांच्यापुढे टाकायला. मिठावर भरवसा नको, उणे 9 अंशांच्या खाली ते फारसं काम करत नाही, आणि त्याच्या वर असलं तरी वेळ घेतं.

शुभ्रा_एम
वरचं सगळं पटलं, पण गाडीच्या आधी माणूस. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलंय का हे सगळ्यात आधी बघा, आतले लोक हीटरसाठी इंजिन चालू ठेवून बसलेले असतात आणि कार्बन मोनॉक्साइड आत शिरायला लागला तर कळत नाही, त्याला ना रंग ना वास. कुणी डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणालं तर इंजिन बंद, दारं उघडा, त्यांना मोकळ्या हवेत आणा आणि आपत्कालीन मदतीला फोन करा. गाडी नंतर बघू.

दुसरं म्हणजे रस्ता. जिथे एक गाडी घसरली तिथे दुसरीही घसरू शकते आणि तुम्ही नेमके तिथेच खाली वाकून उपसत असता. वळणावर किंवा चढाच्या पलीकडे गाडी अडकली असेल, मागून येणाऱ्याला दिसत नसेल, तर मी तिथे काम करतच नाही, लोकांना रस्त्यापासून दूर सुरक्षित जागी नेते आणि पोलिसांना कळवते. चमकदार जॅकेट, चारी इंडिकेटर चालू, इशाऱ्याचा चमकणारा त्रिकोण गाडीच्या बराच मागे. धक्का देताना उताराच्या बाजूला कोणी नको आणि चाकाच्या रेषेत तर अजिबात नको, चाकाखाली घातलेलं मॅट जोरात मागे उडतं.

आणि फावडं मारताना दमानं घ्या हो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात एकदम जोराचं काम, हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे करूच नये. वयस्कर ड्रायव्हर संकोचाने मदतीला उतरतात, त्यांना आत बसवून फक्त स्टिअरिंग धरायला सांगते मी.

चौथा_गिअर
दोराचं मी सांगतो. साखळी किंवा न ताणणारा पट्टा असेल तर आधी ताण घ्यायचा आणि मग हळूहळू ओढायचं, हिसका नाही. हिसक्याने काढायचंच तर त्यासाठीचा नायलॉनचा ताणणारा दोर वेगळा मिळतो, तो 20-30 टक्के ताणतो आणि धक्का पोटात घेतो. पण तोही हुक लावलेला नको, दोन्ही टोकांना फास आणि किती वजन पेलते ते लिहिलेली शॅकल, म्हणजे दोर गाडीला जोडायची बंद होणारी कडी.

ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर कधीच अडकवू नका. तो अशा झटक्यासाठी बनवलेलाच नसतो, तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा येतो, माणसं मेलीत याने. ओढताना दोरावर मधोमध जाड घोंगडी टाका आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करा, सगळ्यांना, व्हिडिओ काढणाऱ्यालाही. गाडी कडेच्या चरात कलंडलेली असेल तर सरळ नाही म्हणा, ते विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, असलेल्याचं काम आहे.

रानवाट
मनापासून आभार सगळ्यांचे. त्रिकोण आणि घोंगडी आजच गाडीत टाकतो. इलेक्ट्रिक गाडी असेल तर ओढावी का?

चौथा_गिअर
रुतल्या जागेवरून थोडंसं बाहेर काढण्यापुरती बहुतेकांना चालते, पण आधी मालकाला मॅन्युअल उघडून बघायला लावा, टो मोड, म्हणजे गाडी ओढून नेण्यासाठीची सेटिंग, असेल तर तो चालू करायचा. चाकं जमिनीवर ठेवून रस्त्याने लांब ओढत न्यायची नाही, मोटर जनित्रासारखी फिरते आणि नुकसान होतं.

पाना_पक्कड
एक राहिलं. हल्लीच्या गाड्यांना टोइंगचा हुक बाहेर दिसतच नाही, तो टूलकिटमध्ये असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून आत फिरवून बसवायचा. बऱ्याच गाड्यांत त्याला उलटे आटे असतात, उजवीकडे फिरवून बसला नाही तर जबरदस्ती करू नका, डावीकडे फिरवून बघा. पूर्ण शेवटपर्यंत बसला पाहिजे, अर्धवट आट्यांवर ओढलं तर उपटून येतो.