मदत हवी आहे : 'गॅलिव्हॅट' आणि 'गलबत' यांचे नाते

सर्वांना नमस्कार. आंग्र्यांच्या आरमारासंबंधीचे अठराव्या शतकातील इंग्रजी लेखन वाचताना 'गॅलिव्हॅट' हा आज जवळपास विस्मृतीत गेलेला शब्द वारंवार भेटतो. रॉबर्ट ऑर्म या इतिहासकाराने गॅलिव्हॅटचे वर्णन दोन डोलकाठ्यांची, क्वचितच ७० टनांहून मोठी आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांनी तासाला चार मैल जाणारी नौका असे केले आहे. तिच्या मुख्य शिडाचे टोक, ते चढवल्यावर, डोलकाठीच्याही बरेच वर जाई!

हा शब्द आपल्या 'गलबता'वरून इंग्रजीत गेला, असे मी आजवर गृहीत धरून होतो. परंतु १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात त्याचा संबंध पोर्तुगीज 'गालिओता'शी (वल्ह्यांची छोटी नौका) जोडलेला पाहून माझा पुरता गोंधळ उडाला आहे. तसे असेल, तर 'गलबत'ही पोर्तुगिजांकडूनच आले काय?

पोर्तुगीज १४९८ मध्ये येथे पोहोचले. त्यापूर्वीच्या एखाद्या मराठी लेखात वा काव्यात 'गलबत' कोणाच्या वाचनात आले असल्यास कृपया मूळ ओळ द्यावी. तसेच कोकणातील दर्यावर्दी मंडळींच्या बोलण्यात गलबत म्हणजे ठरावीक घडणीची नौका, की कोणतेही शिडाचे जहाज, हेही जाणकारांनी सांगावे.