माळ्यावरची हिरवी हार्प: तारा चढवू की नको?

मुक्ता_गॉलवे

नमस्कार मंडळी. आमच्या रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या आयरिश आजी घर विकून लेकीकडे राहायला गेल्या. जाताना माळ्यावरची एक छोटी हार्प मला देऊन गेल्या. "तू काहीतरी वाजवतेस ना, मग घे," एवढंच म्हणाल्या. मी वाजवते सतार, तीही जेमतेम!

उंची माझ्या कमरेपर्यंत, साधारण तीन फूट. रंग गडद हिरवा, त्यावर सोनेरी शॅमरॉकची (आयरिश तिपानी) पानं. खांब धनुष्यासारखा बाहेर वाकलेला. वरच्या मानेवर प्रत्येक तारेपाशी एक पितळी फिरकी आहे, त्यातल्या अर्ध्या जाम झाल्यात. तारा फक्त सहा उरल्यात आणि त्याही लोंबतायत. मानेवर काळवंडलेली पितळी पट्टी आहे, पण अक्षरं लागत नाहीत. पेटीवरची फळी मधोमध थोडी फुगली आहे.

तर प्रश्न असे: ही किती जुनी असेल? पट्टी ब्रासोने घासू का? आणि नायलॉनच्या तारा मागवल्या तर चालतील का? नाताळात वाजवायची फार हौस आहे.

सरसवाले_काका

मुक्ताताई, आधी ब्रासो कपाटात ठेवा. मग पुढचं वाचा.

मी डब्लिनमध्ये असतो. निवृत्तीनंतर जुनी तंतुवाद्यं जोडत बसतो. तुमच्या वर्णनावरून डोळ्यांसमोर येतो तो जॉन ईगन. डब्लिनचा हा कारागीर मुळात पायाने दाबायच्या पट्ट्यांच्या मोठ्या हार्प करायचा. साधारण १८१९ च्या सुमाराला त्याने मांडीवर किंवा स्टुलावर ठेवून वाजवता येईल अशी छोटी 'पोर्टेबल आयरिश हार्प' काढली. हिरवी, निळी किंवा काळी, वर सोनेरी शॅमरॉक. बड्या घरच्या मुली दिवाणखान्यात वाजवायच्या. कवी थॉमस मूर यांची ईगनने केलेली हार्प इथे रॉयल आयरिश अकॅडमीत आहे, एकदा जाऊन बघाच.

पण हुरळून जाऊ नका. अमेरिकेत सिरॅक्यूजच्या मेलव्हिल क्लार्कने ईगनचीच हार्प समोर ठेवून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'क्लार्क आयरिश हार्प' काढली. तिच्यावरही शॅमरॉक असतात. म्हणून पट्टी महत्त्वाची. खोलीत अंधार करा, टॉर्च पट्टीला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि हळूहळू फिरवा. कोरलेल्या अक्षरांच्या कडा सावलीने उठतात. घासलंत तर कोरीव झिजेल आणि खाचांत पांढरी पूड कायमची बसेल.

आता तारा. नायलॉनची भीती नाही, जाडीची आहे. सूर आणि लांबी तीच ठेवून दुप्पट जाडीची तार लावलीत, तर ताण चौपट होतो. या छोट्या हार्पना बारीक तात, म्हणजे आतड्याची तार, लागते. आजच्या मोठ्या हार्पचा संच तिला झेपत नाही. नायलॉन तातीपेक्षा हलकं असतं, त्यामुळे त्याच जाडीत ताण कमीच पडतो, पण आवाज काचेसारखा होतो. मला नाही आवडत.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी लिलावात अशीच एक घेतली. दुकानातून मिळाला तो जाड संच, मी एका दुपारी चढवला आणि सुरात आणला. चौथ्या रात्री बैठकीतून 'टक्' असा आवाज. सकाळी पाहतो तर मान डावीकडे कलंडलेली आणि मान-पेटीच्या सांध्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. दोनशे वर्षांचा सांधा मी चार दिवसांत उघडला.

एक बरं होतं, जुना सांधा सरसाचा होता. सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, पुन्हा लावता येतो. आधी कुणी आधुनिक गोंद ओतला असता तर लाकूडच फाटलं असतं.

फळीचा फुगवटा असतोच, तारा वर ओढतात ना. तारा जिथे अडकतात त्या फळीवरच्या मधल्या लाकडी पट्टीच्या कडेने भेग गेली असेल, तर मात्र तार लावू नका.

पितळी_तार

काका, थोडं अवांतर. म्हणजे आयर्लंडच्या युरो नाण्यावरची, ब्रायन बोरू राजाची हार्प हिची आजी म्हणायची का?

सरसवाले_काका

आजी म्हणा, पण रक्ताचं नातं पातळ आहे! आणि ती ब्रायन बोरूची नव्हेच. तो १०१४ मध्ये क्लोनटार्फला मेला. नाण्यावर आहे ती डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधली हार्प, आणि ती चौदाव्या-पंधराव्या शतकातली मानतात. त्या जुन्या हार्पची पेटी एका अखंड ओंडक्यातून कोरलेली, तारा पितळेच्या, आणि वाजवायचं वाढवलेल्या नखांनी. १७९२ च्या बेलफास्टच्या हार्पवादकांच्या मेळाव्यात असं वाजवणारे एकटे डेनिस हेम्पसन उरले होते, तेही नव्वदी ओलांडलेले. तिथे सुरावटी टिपायला बसलेला एडवर्ड बंटिंग जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. ईगनने घेतला तो त्या हार्पचा डौल. पेटी आणि तात मात्र दिवाणखान्याची. म्हणून तुमच्या नावाची तार हिला नको.

टेम्स_काठी

मुक्ता, फिरक्यांवर किंवा खुंट्यांवर हस्तिदंत आहे का बघ. पुढेमागे लंडनच्या लिलावात द्यायची झाली तर १९७५ पूर्वीचं, २० टक्क्यांहून कमी हस्तिदंताचं वाद्य विकता येतं, पण आधी नोंदणी करावी लागते. शुल्क २० पौंड.

मुक्ता_गॉलवे

विकायची नाहीच हो! पण बघून ठेवते.

काका, काल रात्री टॉर्च लावला. आधी फक्त ओरखडे दिसले. मग एका कोनात "डॉसन स्ट्रीट" उमटलं आणि मी नवऱ्याला झोपेतून उठवलं. वरच्या ओळीत 'ईगन' स्पष्ट आहे. पेटीच्या मागच्या भोकातून आत पाहिलं तर मिलीमीटरभर व्यासाची पाच-सहा छिद्रं दिसली. कीड?

सरसवाले_काका

अभिनंदन! डॉसन स्ट्रीटवरच त्याचं दुकान होतं.

छिद्रं भुंग्याची. जुनी की चालू, ते असं ओळखा: पेटीखाली काळा कागद पसरा, कडा पेन्सिलीने आखून ठेवा आणि हार्प हलवू नका. कागदावर ताजी फिकट पिठी पडली तर आत कुणीतरी जेवतंय. थंडीत पिठी दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, वसंतापासून उन्हाळाभर कागद पुन्हा ठेवा. तोवर रेडिएटरपासून लांब, आतल्या भिंतीशी, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास. पुसायला फक्त कोरडा मऊ ब्रश, आणि सोनेरी पानांवर तोही नको.

आणि नाताळ विसरा.

मुक्ता_गॉलवे

विसरला. कागद घातलाय. आज सकाळी त्यावर एक कण दिसला आणि धस्स झालं. भिंग लावून पाहिलं तर माझ्या टोस्टचा चुरा.