शाळेतला कचरा : तुमचे अनुभव (आणि 'टाकाऊतून टिकाऊ'ची बिलं) येऊ द्या

काल माळा आवरताना दाभणाने शिवलेली माझी चौथीची वही सापडली. जुन्या वह्यांतली उरलेली पानं, बाबांच्या ऑफिसातले पाठकोरे कागद, वर कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा. मे महिन्यात बाबा अशा सहा-सात वह्या शिवायचे आणि मला वर्गात त्या दप्तरातून काढायची लाज वाटायची.

संध्याकाळी लेकीच्या वर्गाचा मेसेज. सोमवारी 'टाकाऊतून टिकाऊ'. आइस्क्रीमच्या काड्या ५०, रंगीत स्ट्रॉ, ग्लिटर, थर्माकोल. स्टेशनरीवाल्याने मी तोंड उघडायच्या आत पाकीट पुढे केलं, "तिसरी ना? सकाळपासून चौदावं." २१० रुपयांचं टाकाऊ घेऊन घरी आले.

तुमच्या, मुलांच्या शाळेत खरंच काही कचरा कमी झाला का? लिहा.

मावळतीचं ऊन
दाभण! किती वर्षांनी वाचला हा शब्द.

गुरुजी_झेडपी
आमची शाळा ६२ पटाची. खिचडी उरते, ताटातलीही. गांडूळखताचा खड्डा केला आणि उत्साहात सगळं खरकटं त्यात. आठ दिवसांत आंबूस वास, मुंग्या, मग उंदीर. गांडुळं कडेला येऊन मेली. गावातल्या एका आजोबांनी येऊन बघितलं, म्हणाले, "गुरुजी, नुसतं ओलं घालताय. पाचोळा कुठंय?" आता एक घमेलं ओलं तर तीन घमेली पाचोळा, आणि तेलातलं काही नाही. शिजलेलं उरलं की शेजारच्या कोंबड्यांना. खत परसबागेतल्या वांग्यांना जातं, वांगी परत खिचडीत. पोरांना वांगी आवडत नाहीत, हा भाग वेगळा.

लिंबूटिंबू
खिचडी कसली, आमच्या वेळी महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा, हजेरी ८० टक्के भरली तर. आई तापातसुद्धा शाळेत पाठवायची.

गुरुजी_झेडपी
@लिंबूटिंबू हो, ९५ साली शालेय पोषण आहाराची योजना आली तेव्हा तसंच होतं. पिशवी आणायला विसरलेली पोरं शर्टाच्या ओच्यात तांदूळ घेऊन जायची.

चहाबाज
थर्माकोल?? मखरातला थर्माकोल राज्यात २०१८ पासून बंद आहे. प्लास्टिकच्या स्ट्रॉ २०२२च्या जुलैपासून. शाळेला हे कोण सांगणार?

धागाकर्ती
मी नाही. माझी लेक अजून तिथेच आहे.

कोथरूडकर
लेकाच्या शाळेत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई आल्या होत्या, आपल्याकडे पुण्यात दारोदार कचरा घेतात त्याच. दुधाची पिशवी हातात धरून दाखवली. कोपरा पूर्ण कापला की तो चिमटीएवढा तुकडा कुणालाच वेचता येत नाही, म्हणून चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकू दे. मग वेफर्सचं पाकीट उलटं केलं, आतली चांदी दाखवली. प्लास्टिक आणि अॅल्युमिनियम चिकटवलेलं, भंगारवाला फुकटसुद्धा नेत नाही. लेक आता माझ्यावर पहारा ठेवतो. परवा कात्री हातातून काढून घेतली.

सासुरवाशीण_टोकियो
इकडे शाळेच्या जेवणात २०० मिलीचं दूध असतं. माझी दुसरीतली पोरगी रिकामा खोका उलगडून, बादलीत विसळून, वाळत ठेवते. पहिल्या दिवशी बघून मला भरून आलं. घरी मात्र ताट उचलून ठेव म्हटलं की ऐकू येत नाही.

चहाबाज
@सासुरवाशीण_टोकियो ऐकू न येणं जागतिक आहे.

विसरभोळा
सोसायटीजवळच्या शाळेने प्लास्टिकच्या बाटलीत रॅपर ठासून 'विटा' करायला सांगितल्या, मुलामागे पाच. घरात बाटल्या नव्हत्या, म्हणून कोल्ड्रिंक आणलं. रॅपर कमी पडले, म्हणून कुरकुरे. पंधरा दिवस चाललं. विटा अजून शाळेच्या जिन्याखाली आहेत. माझं वजन सव्वा किलोने वाढलं.

लिंबूटिंबू
😂😂 हे खरं टिकाऊ.

पमाकाकू
बालभारतीची पुस्तकं आम्ही वरच्या वर्गातल्या मुलीकडून अर्ध्या किमतीत घ्यायचो. गाळलेल्या जागा तिने पेनाने भरलेल्या, त्याही चुकीच्या. बाईंनी मला उभं केलं होतं. कुकर लागलाय, नंतर लिहिते.

धागाकर्ती
पमाकाकू, नक्की लिहा. त्या पाकिटातल्या काड्या आणि थर्माकोल दुकानदाराने परत घेतले, स्ट्रॉ-ग्लिटर नाही. लेक सोमवारी आजोबांबरोबर शिवलेली वही नेतेय. बाई टाकाऊत धरतील की नाही देव जाणे. दाभण कुठे मिळतं पण? बाबांचं मोडलं, आता चांभारमामांकडचं उसनं आणलंय.

मावळतीचं ऊन
हार्डवेअरच्या दुकानात विचारा. गोणपाट शिवायचं म्हणा, लगेच देतात.