अर्धवेळ सीटीओ : आधी चाचणी, मग करार

भोसरीतल्या तीस माणसांच्या एखाद्या कारखान्याला अर्धवेळ सीटीओ (तंत्रज्ञानाचे निर्णय सांभाळणारा प्रमुख) हवा असेल, तर "हिंजवडीतल्या आयटी कंपनीतला एखादा सीनियर डेव्हलपर शनिवार-रविवार बोलवा" असं कुणी सुचवतं. त्याच्या नेमणूकपत्रात बाहेरचं काम करायला मनाई आहे का, ते आधी विचारा, बऱ्याचदा असते. शिवाय डिस्पॅच अडकतो तो मंगळवारी सकाळी, रविवारी नाही. तेव्हा फोन उचलणार कोण, हेही ठरवा.

पहिलं काम छोटं द्या, पण पैसे देऊन: हातात आलेलं ईआरपीचं (खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं) कोटेशन तपासायला सांगा. जाणकार माणूस वरवर दिसणाऱ्या किमतीवर अडकत नाही. एएमसी (वर्षाच्या देखभालीचा खर्च) किती, युजर वाढले तर काय, टॅलीशी जोडणी कोण करणार, सोडून जायचं ठरलं तर डेटा कोणत्या फॉरमॅटमध्ये मिळणार, हे विचारतो. "सगळं नव्याने बनवू" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. व्हेंडरकडून कमिशन घेत नाही, हे लेखी घ्याच.

कोडच्या मालकीचंही आधीच ठरवा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. कन्सल्टंटचा मात्र लेखी हस्तांतरण नसेल तर सहसा त्याचाच राहतो. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण पाचच वर्षांचं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. म्हणून "कायमस्वरूपी, जगभर" असं स्पष्ट लिहून घ्या.

डोमेन आणि क्लाउडचं रूट अकाउंट (सगळे अधिकार असलेलं मुख्य खातं) कंपनीच्या ईमेलवर, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर. सीटीओला वेगळा अ‍ॅडमिन युजर काढून द्या.